आज भेट मिळालेलं पेन

सकाळी साडेसहाला वेंगुर्ल्याजवळच्या सागरेश्वरला गेले होते, किनारा साफ करायला. सुरूच्या बनापासून खाली ओल्या वाळूपर्यंत आम्ही तीस-पस्तीस जणं वाकून वाकून कचरा गोळा करत होतो. बाटल्या, चपला, जाळ्यांचे तुकडे हे नेहमीचंच. आज मी ठरवून पेनं वेगळी काढली. माझ्या एकटीच्या पोत्यात एकोणीस निघाली. सुट्या रिफिली आणि टोपणं वेगळीच. एका निळ्या टोपणात बारीकसा खेकडा शिरून बसला होता, त्याला हळूच पाण्याकडे सोडला.

नऊ वाजता चहापोहे झाले आणि आभार म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक पेन ठेवलं. ‘पर्यावरणस्नेही’ पेन. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं.

तिथे गप्प बसले, कारण बोलावणारी माणसं चांगली आहेत, मनापासून काम करतात. त्यांचं नाव घेणार नाही. पण घरी येऊन ते पेन उघडलं आणि डोकंच फिरलं. बाहेरून तपकिरी कागदाची गुंडाळी, शेपटाला कुपीत पालकाचं बी, आणि आत तीच प्लास्टिकची रिफिल. ती डिंकानं इतकी घट्ट बसवलेली की कागद फाडल्याशिवाय बाहेरच येईना. म्हणजे शाई संपली की अख्खं पेन टाकायचं. दोन तास वाकून जे उचललं, तेच हातात घेऊन आम्ही घरी आलो!

मागच्या वर्षी असंच एक मिळालं होतं. जुलैत आमच्याकडची हवा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. पंधरा दिवसांत कागद लिबलिबीत झाला, गुंडाळी सुटली आणि वर हिरवी बुरशी धरली. रिफिल मात्र जशीच्या तशी.

माझी आई गावातल्या पोस्टाची शाखा डाकपाल होती. पोस्ट म्हणजे आमची पडवी. एक टेबल, शिक्के, वजनकाटा आणि आईचं शाईचं पेन. काळं, जाडसर, ड्रॉपरनं भरायचं. गाव मुंबईच्या मनीऑर्डरवर जगायचं. घरोघरचा कुणी ना कुणी गिरणीत. त्यांच्या बायका दुपारची भांडी आटपून पत्र लिहून घ्यायला यायच्या आणि आई त्याच एका पेनानं सगळ्यांची पत्रं लिहायची. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी सातवीत होते. मनीऑर्डरी बंद पडल्या, पत्रं मात्र वाढली. शेजारची काकी एकदा अशीच आली. घरात तांदूळ नव्हता, हे आईला माहीत होतं, मलाही. काकी म्हणाली, “लिव गे, हंय सगळी बरी आसत.”

आईचा हात थांबला. निब कागदावर तशीच धरलेली, आणि शाईचा एक टपोरा थेंब ‘बरी’ या शब्दावरच पडला. आई दुसरं इनलँड काढायला लागली तर काकी नको म्हणाली, पैसे फुकट जातील. मग आईनं माझ्या दप्तरातला खडू मागितला, त्याचं टोक थेंबावर टेकवलं. पांढरा खडू हळूहळू वर निळा होत गेला. मी तेव्हा फक्त खडूकडेच बघत होते.

ते पेन आज माझ्याकडे आहे. निब दोनदा बदलली, जीभ, म्हणजे निबेखालची शाई पुढे आणणारी खाचांची पट्टी, एकदा. बाकी सगळं तेच. आणि आता आम्हाला पर्यावरण शिकवायला पालकाचं बी!

आमच्या वेंगुर्ल्यानं कचरा वेगळा कसा करायचा ते राज्याला दाखवलं. घरोघरी बायकांना ओला-सुका तोंडपाठ आहे. त्यातल्या कुणालाही विचारा, बॉलपेन कुठल्या डब्यात टाकायचं? टोकाला पितळ, त्यात टंगस्टन कार्बाइडची बारीकशी गोळी, मागे प्लास्टिकची नळी, आत चिकट तेलकट शाई. कोण सोडवत बसणार ते? १ जुलै २०२२ ला देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, तीत कान कोरायच्या काड्या आल्या, आइस्क्रीमच्या काड्या आल्या, फुग्यांच्या काड्यासुद्धा आल्या. पेन आलं नाही. पेन म्हणजे विद्या, त्याला कचरा कोण म्हणणार? पण मी म्हणते.

परवा दौत घ्यायला बाजारात गेले होते. दुकानदार ओळखीचा, लहानपणापासून बघतोय. म्हणाला, “बाय, शाय आता कोण इचारता? धा रुपयात पेन येता, लिवा नि टाका.” त्याचा राग नाही, त्यालाही दुकान चालवायचं आहे. पण वाईट वाटलं. ज्या महाराष्ट्रात दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकत धंदा उभा केला, ज्यातून पुढे आपली कॅम्लिन झाली, तिथे शाईची दौत मागितली तर माणसं चमकून बघतात.

आता ज्यांना खरंच पेन घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. मला सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

महागडं घेऊ नका. एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, हातानं कातलेली पेनं सुंदर असतात. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात गांधीजींसाठी केलेलं पेन त्याच जातीचं. पण पहिलं पेन साधंच बरं. निब बारीक घ्या. आपल्या वह्यांचा कागद पावसाळ्यात ओल धरतो, जाड निबेची शाई पसरून मागच्या पानावर उतरते. टोपण आट्यांचं असावं आणि घट्ट बसावं. निब आणि जीभ ओढून बाहेर येते का, त्या पेनाची सुटी निब मिळते का, हे दुकानातच विचारा. मिळत नसेल तर ते पेनही एक दिवस टाकावंच लागणार, मग बाहेरून लाकूड लावा नाहीतर बांबू. कार्ट्रिजचं, म्हणजे शाईच्या आयत्या नळीचं घेतलंत तर सोबत कन्व्हर्टर, म्हणजे दौतीतून पुन्हा पुन्हा भरता येणारी नळी घ्या, नाहीतर दर वेळी प्लास्टिकची एक नळी कचऱ्यात. माझं मत विचाराल तर ड्रॉपरनं भरायचंच घ्या. त्यात दोनेक मिलिलिटर शाई मावते. साठ मिलिलिटरची दौत म्हणजे तीस वेळा भरणं. मला एकदा भरलं की दहा-बारा दिवस जातं, म्हणजे एका दौतीत वर्ष सरतं आणि शेवटी हातात राहते ती काचेची बाटली.

“शाईचं पेन गळतं” म्हणणाऱ्यांनी हे वाचा. ड्रॉपरचं पेन अर्ध्याहून रिकामं झालं की आत हवा जास्त होते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला पुढे ढकलते, म्हणून थेंब पडतो. आईच्या हातून तो थेंब पडला तेव्हाही पेन रिकामं व्हायला आलं होतं. संपाच्या त्या महिन्यांत ती शाईसुद्धा पुरवून वापरायची. तेव्हा पेन रिकामं होऊ देऊ नका, वेळेवर भरा. आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. खिशात ठेवताना निब वर. मे महिन्यात एसटीत बसायचं असेल तर विशेष करून.

महिन्यातून एकदा धुवा. आई अमावास्येला धुवायची, का कोण जाणे, बहुतेक तिला तारीख लक्षात ठेवायला सोपं जात असावं. साधं पाणी. कढत पाणी अजिबात नको, एबोनाइटचा रंग उतरतो, प्लास्टिक वाकडं होतं. वाटीत निब रात्रभर बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं, निळं यायचं थांबलं की जुन्या सुती कापडावर उभी करून सुकवायची. निब ब्लेडनं खरवडू नका. चित्रकलेची काळी शाई चुकूनही भरू नका, तिच्यात लाख असते, ती वाळली की जिभेच्या बारीक खाचा कायमच्या बुजतात. आणि दौतीत पेन बुडवू नका, लागेल तेवढीच शाई ड्रॉपरनं घ्या, झाकण लगेच लावा. आपल्या दमट हवेत शाईलाही बुरशी येते. वर पांढरा तवंग दिसला तर ती दौत गेली असं समजा, पेनात घालू नका. निब स्टेनलेस स्टीलचीच बघून घ्या. नुसता मुलामा दिलेली खाऱ्या वाऱ्यात गंजते.

हो, मान्य आहे, सगळीकडे हे चालत नाही. कार्बन लावून पावती फाडायची तर दाब लागतो, तिथे बॉलपेनच हवं. मासळी बाजारात ओल्या हातानं हिशेब लिहिणारीला मी शाईचं पेन घे म्हणणार नाही. आणि सकाळी लेकराचा पांढरा शर्ट धुणाऱ्या आईचंही मला पटतं. तर मग रिफिल बदलता येईल असं, आट्यांनी उघडणारं बॉलपेन घ्या आणि खरोखर रिफिल बदला. कवच दहा वर्षं टिकतं. फक्त बी लावलेलं पेन देऊन कुणाला वसुंधरेचं मित्र करू नका. मुलांना ते खरं वाटतं, याचाच मला जास्त त्रास होतो.

लिहिता लिहिता राग थोडा निवला आहे. पालकाचं बी करवंटीत माती घालून पेरलं, त्या बियांचा काय दोष. रिफिल टेबलावर पडली आहे, तिचं काय करायचं ते सुचत नाही. आईचं पेन वाटीत घालून ठेवलंय, आज अमावास्या नाही तरी.

काकीचं ते पत्र तिच्या घरात अजून आहे. संप फिसकटल्यावर काका गावी परत आले, तेव्हा येताना ट्रंकेत घेऊन आले होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या सुनेनं मला दाखवलं. ‘बरी’वरचा डाग आता तपकिरी झालाय. काका म्हणायचे म्हणे, डाग बघूनच कळलं, घरात काय चाललंय ते.

रविवारी सावंतवाडीला जातेय, दौत आणायला. वेंगुर्ला-शिरोड्यातल्या कुणाला हवी असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, निळी की काळी तेवढं लिहा. आणि ज्यांची जुनी पेनं कपाटात वाळून पडली आहेत त्यांनी ती टाकू नका, माझ्याकडे घेऊन या. माझ्याकडे वाट्या पुष्कळ आहेत.