‘कार्ड भारी घ्या, बाकी काहीही चालेल’ हे बरोबर नाही

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींचा यंदा भिशीत नंबर लागला. मुलगा ॲनिमेशनचा कोर्स करतो, त्याला घरी कॉम्प्युटर हवा होता. पैसे हातात आले त्याच रात्री त्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, एकदा बघून सांगा ना. उद्या लॅमिंग्टन रोडला जातोय.” हाच मेसेज दोन महिन्यांत आणखी चौघांकडून माझ्याकडे आला होता. तो थोडक्यात असा:

“ॲनिमेशन-एडिटिंगसाठी पीसी घेताय? निम्म्याहून जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. प्रोसेसर आय-३ पुरतो, सगळं काम कार्डच करतं. रॅम ८ जीबी घ्या, लागली तर नंतर टाकता येते. एसएसडी एकच मोठी घ्या, कुठलीही. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर येतो तोच चालतो. कार्ड बिलाशिवाय सेकंडहँड घेतलं तर १८ टक्के जीएसटी वाचतो. गेमिंगचा पीसी एडिटिंगला चालतोच.”

मी गेली बारा वर्षं परळच्या दोन खोल्यांच्या घरातून एडिटिंग करते. लग्नं, मंडळांच्या फिल्म, शाळांसाठी छोटी ॲनिमेशन. या मेसेजवर विश्वास ठेवून घेतलेली मशीन माझ्याकडे दुरुस्तीच्या आशेने येतात. पैसे बहुतेक वेळा आईवडिलांनी साठवलेले असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

“सगळं काम कार्डच करतं.”

यातलं खरं आधी सांगते. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये सायकल्स या त्याच्या इंजिनवर रेंडर लावला, म्हणजे सीनची शेवटची चित्रं काढायला लावली, की कार्ड प्रोसेसरपेक्षा कितीतरी पुढे जातं. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये रंगकाम आणि इफेक्टही बऱ्याच अंशी कार्डावरच चालतात. पण ॲनिमेशन शिकणारं पोर दिवसभर रेंडर लावत नाही. ते पात्राची रिग, म्हणजे आतला सांगाडा, हलवतं, की-फ्रेम (कुठल्या क्षणी कुठली पोझ याची खूण) टाकतं, प्ले करून बघतं, परत हलवतं. रिगमधली हाडं आणि त्यांच्यावरची बंधनं यांचा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्यात प्रोसेसरच्या एका कोअरचा (आत हिशेब करणाऱ्या एका भागाचा) वेग फार महत्त्वाचा असतो. ब्लेंडरमधलं कापड, पाणी आणि धूर यांचं सिम्युलेशनही प्रोसेसरवरच चालतं. हाताने काढलेल्या टूडी ॲनिमेशनला तर भारी कार्डाची जवळपास गरजच पडत नाही.

एडिटिंगचं तर अजूनच वेगळं आहे. मागच्या वर्षी ओळखीतला एक तरुण एडिटर त्याचं नवंकोरं मशीन रिक्षात घालून माझ्याकडे घेऊन आला. एकट्या कार्डाची किंमत बाकी सगळ्या पार्टांच्या बेरजेहून जास्त होती. तरी प्रीमियर या एडिटिंगच्या प्रोग्रॅमच्या टाइमलाइनवर साधा एक कट पुढे-मागे करताना चित्र अडकत होतं. आम्ही विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, कुठला भाग किती राबतोय ते त्यात दिसतं. प्रोसेसर १०० टक्क्यांवर टेकलेला, आणि कार्डाच्या ‘व्हिडिओ डिकोड’च्या चौकटीत सरळ सपाट रेघ. एवढं महागाचं कार्ड नुसतं बसून होतं.

कारण त्याच्या फुटेजमध्ये होतं. मिररलेस कॅमेरा, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवली त्याचे आकडे). एच.२६५ मध्ये पूर्ण चित्र अधूनमधून एखाद्याच फ्रेमला साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. तुम्ही मधल्या फ्रेमवर बोट ठेवलंत की आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडल्याशिवाय ती दिसत नाही. हे उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो. कार्ड कितीही ताकदवान असो, त्या भागाला तो प्रकार येत नसेल तर ओझं प्रोसेसरवर पडतं. मोबाइलचं फुटेज बहुतेक ४:२:० असतं, ते सगळ्यांना येतं. ४:२:२ मात्र एनव्हिडियाच्या कार्डांना आरटीएक्स ५० मालिकेपासून, म्हणजे २०२५ पासून यायला लागलं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जे अंगचं ग्राफिक्स असतं, त्याला ते अकराव्या पिढीपासूनच येतं. आणि ह्याने थोडे पैसे वाचवायला नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेतला होता. एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही. ज्या भागाने त्याचं काम सोपं केलं असतं, तेवढाच भाग त्याच्या मशीनमध्ये नव्हता.

त्याला आम्ही प्रॉक्सी बनवायला शिकवलं. रात्री हलक्या फाइली तयार करायला लावायच्या, सकाळी त्यावर एडिट करायचं, शेवटी मूळ फुटेज जोडायचं. काम निघालं. पण मशीन घेण्याआधी कॅमेरा काय रेकॉर्ड करतो हे एकाने जरी विचारलं असतं, तर त्याच पैशांत कितीतरी बरं मशीन झालं असतं.

कार्ड घेतानाही नुसत्या नावावर जाऊ नका. सीन कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावला नाही तर रेंडर रांगायला लागतो, नाहीतर थांबतोच. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या मेमरीचं मिळतं. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचंही आहे आणि ८ जीबीचंही. कोटेशनवर जीबीचा आकडा लिहून घ्या.

“रॅम ८ जीबी घ्या, नंतर टाकता येते.”

ह्या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण साधा गुणाकार केला तरी ती टिकत नाही. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये स्पेसबार दाबला की वर हिरवी पट्टी सरकते. ती पट्टी म्हणजे तयार होऊन रॅममध्ये ठेवलेल्या फ्रेम. फुल एचडीची एक फ्रेम १९२० गुणिले १०८० पिक्सेलची. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून चार बाइट. झाली एक फ्रेम ८.३ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १० सेकंदांना २ जीबी. ४केमध्ये सगळंच चौपट, १० सेकंदांना ८ जीबीच्या वर. रंग १६ बिटवर नेला की पुन्हा दुप्पट. आणि अजून विंडोज, ब्राउझर आणि खुद्द प्रोग्रॅमने घेतलेली रॅम यात धरलेली नाही. ८ जीबीच्या मशीनवर त्या मुलाला स्वतःचं ४केमधलं ॲनिमेशन सलग दहा सेकंदसुद्धा नीट बघणं कठीण जाईल. टायमिंग शिकायचं कसं मग? आफ्टर इफेक्ट्स बनवणारेच कमीत कमी १६ जीबी सांगतात आणि ३२ सुचवतात. २०२१ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून तो प्रोग्रॅम अनेक कोअरवर एकाच वेळी फ्रेम बनवतो, त्यामुळे कोअर आणि रॅम दोन्ही लागतात. आय-३ आणि ८ जीबी ही जोडी तिथे दोन्हीकडून कमी पडते.

‘नंतर टाकू’ म्हणत असाल तर निदान मदरबोर्ड बघून घ्या. डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या बोर्डात डीडीआर५ ची रॅम बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. आणि एकाच पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या घ्या, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा (चॅनेल) चालतात.

“एसएसडी एकच मोठी, कुठलीही.”

डबीवर ७००० एमबी प्रतिसेकंद वाचून भुलू नका. कॅमेऱ्याचं १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फुटेज सेकंदाला फक्त १२.५ एमबी मागतं. एवढं तर साधी, जुन्या साटा जोडणीची एसएसडीही आरामात देते. गाडी अडते ती लिहिताना. स्वस्तातल्या क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणाऱ्या) एसएसडीत सुरुवातीला कॅशमुळे, म्हणजे आतल्या वेगवान जागेमुळे, फाइल सुसाट जाते, आणि कॅश भरली की वेग हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. १०० एमबीपीएस म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, सहा तासांचं लग्न: ५४० जीबी. रात्री दमून घरी आल्यावर ते कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांवरून उतरवताना हा फरक कळतो. म्हणून विंडोज आणि प्रोग्रॅमला एक छोटी एसएसडी, चालू कामाला दुसरी टीएलसी (सेलमध्ये तीनच बिट ठेवणारी), आणि जुन्या कामाला हार्ड डिस्क. शिवाय बाहेर ठेवलेली एक प्रत हवीच. कुणाच्या लग्नाचं फुटेज परत शूट करता येत नाही.

“एसएमपीएस कॅबिनेटबरोबर येतो तोच चालतो.”

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. मी त्या रात्री वहिनींच्या मुलाला माझ्याकडे पडलेला असाच एक डबा उलटा करून दाखवला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट. बाजूच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही वीज ओढतात ती जवळजवळ सगळी ह्याच १२ व्होल्टमधून. मधल्या किमतीचं कार्ड एकटंच १७० वॉट मागतं. गेम खेळताना भार वरखाली होत राहतो, रेंडर मात्र सहा-सहा तास एकाच भाराने चालतो. मे महिन्यात, दहा बाय बाराच्या खोलीत, पंख्याखाली. असा डबा जातो तेव्हा कधीकधी बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. दुकानात तो तक्ता वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. समोरून काच लावून बंद केलेलं कॅबिनेटही नको, जाळीचं घ्या.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तिथवर सहज पोचतात, म्हणून १००० व्हीएच्या पुढचा बघा. मुंबईत वीज जात नाही असं आपण म्हणतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ती गेली तेव्हा माझा रात्रभर चाललेला रेंडर शेवटाला आला होता. मी तो थेट एका व्हिडिओ फाइलमध्ये काढत होते. ती फाइल परत उघडली नाही. तेव्हापासून मी सुट्या चित्रांच्या फ्रेममध्येच रेंडर काढते. वीज गेली तर जिथे थांबला तिथून पुढे.

“बिलाशिवाय १८ टक्के वाचतात.”

वाचले तरी त्याबरोबर वॉरंटीही जाते. इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं, त्यानंतर महिनोन्महिने अखंड राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही, पण मूळ बिल आणि सीरियल नंबर जुळवून, अर्धा तास रेंडर चालवून बघून.

मॉनिटरचं नाव त्या मेसेजात कुठेच नाही. साधा आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी (वेब-मोबाइलचे प्रमाण रंग) १०० टक्क्यांच्या जवळ, एवढं तरी हवं. नाहीतर शालूचा रंग तुमच्या पडद्यावर एक आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दुसराच.

“गेमिंगचा पीसी एडिटिंगला चालतोच.”

ह्याचं उत्तर मी वहिनींना देत बसले नाही. मुलाला म्हटलं, उद्या दुकानात जाऊ नकोस, क्लासला जा. तिथल्या मशीनवर तुझी स्वतःची फाइल उघड, शेजारी टास्क मॅनेजर ठेव, आणि काय केल्यावर कुठला आकडा १०० ला टेकतो ते वहीत लिही.

दोन दिवसांनी तो वही घेऊन आला. रिग प्ले करताना एकच कोअर भरलेला. आफ्टर इफेक्ट्समध्ये १६ जीबी रॅम काठोकाठ. कार्ड रेंडरच्या वेळेपुरतंच वर, आणि त्याचे रेंडर अजून वीस-वीस सेकंदांचे.

शनिवारी आम्ही तिघं ग्रँट रोडला उतरून भडकमकर मार्गावर, म्हणजेच लॅमिंग्टन रोडला, गेलो आणि तीन दुकानांतून कोटेशन घेतलं. सहा कोअरचा आय-५, एफ नसलेला. १६ च्या दोन पट्ट्या. १२ जीबीचं कार्ड, मेसेजात सांगितलं होतं त्याच्या जवळपास निम्म्या किमतीचं. एसएमपीएसचा तक्ता मुलाने स्वतः वाचला आणि गुणाकार काउंटरवरच केला. उरलेल्या पैशांत यूपीएस बसला, आणि वहिनींनी बाहेरची हार्ड डिस्क त्याच बिलात धरायला लावली.