वॉल्टर टलची कारकीर्द ब्रिस्टलमध्ये संपली नव्हती

‘वॉल्टर टल हा इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू. वर्णद्वेषी प्रेक्षकांनी त्याची कारकीर्द संपवली. पुढे तो ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी झाला, पण त्याला मिळालेलं मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक सरकारने हिरावून घेतलं.’ हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. टलबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच तो वाचून गप्प बसवत नाही.

पहिला व्यावसायिक खेळाडू टल नव्हे. टल 1888 साली फोकस्टोनला जन्मला. त्याच्या पुढच्याच वर्षी आर्थर व्हार्टन हा आजच्या घानातून आलेला गोलरक्षक रॉदरहॅम टाउनकडून पैसे घेऊन खेळू लागला होता. शेफील्ड युनायटेडकडून तो पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीतही उतरला. टलला ‘पहिला’ म्हटलं की व्हार्टन पुसला जातो.

कारकीर्द संपवल्याचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. बार्बाडोसहून आलेल्या सुताराचा हा मुलगा. आईवडील गेल्यावर लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या अनाथाश्रमात वाढला. क्लॅप्टन या हौशी संघातून 1909 मध्ये टॉटनहॅम या व्यावसायिक क्लबात आला. त्याच ऑक्टोबरात ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांच्या एका टोळक्याने त्याला इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की एका पत्रकाराने त्यांना छापून झोडपलं आणि मैदानावरचा सर्वोत्तम खेळाडू टलच होता, असं लिहिलं. त्यानंतर लवकरच तो राखीव संघात गेला. टॉटनहॅमकडून त्याचे लीग सामने झाले 10, गोल 2. या सगळ्याचा त्याला फटका बसला नाही असं कोण म्हणेल?

पण गोष्ट तिथे थांबवणं हा त्याच्यावर आणखी एक अन्याय आहे. 1911 मध्ये व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने त्याला आपल्या नॉर्दम्प्टन टाउन संघात नेलं. हाच चॅपमन पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलला विजेतेपदं मिळवून देणारा. सदर्न लीगमधल्या या संघात आघाडीत खेळणारा टल मुख्यतः हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू झाला आणि शंभराहून अधिक सामने खेळला. खरी कारकीर्द ती. संघातली जागा त्याने वर्षानुवर्षं टिकवली, ती खेळाच्या जोरावर. खंड पडला तो पहिल्या महायुद्धामुळे: डिसेंबर 1914 मध्ये तो फुटबॉलपटूंच्या बटालियनमध्ये, म्हणजे मिडलसेक्स रेजिमेंटच्या 17व्या बटालियनमध्ये भरती झाला.

अधिकारीपद त्याला मे 1917 मध्ये मिळालं. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड 1915 मध्येच तोफखान्यात अधिकारी झाला होता आणि 1916 च्या डिसेंबरात मारलाही गेला. अधिकारी ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ हवा, ही अट असताना टलला पद मिळालं. पहिला नसला तरी या घटनेचं वजन घटत नाही.

राहिलं पदक. ते मिळालंच नव्हतं, मग हिरावणार कसं? इटलीच्या आघाडीवरच्या धैर्याबद्दल मेजर जनरल लॉफर्ड यांनी त्याची प्रशंसा केली होती. मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाल्याचं एका सहकारी अधिकाऱ्याने टलच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ एडवर्ड याला पत्रात कळवलं. टलच्या लष्करी फाइलमध्ये मात्र त्या शिफारशीची नोंद नाही, आणि हे पदक तेव्हा मरणोत्तर देत नसत. पदक द्या ही आजची मागणी रास्त आहे. ती मांडायला चोरीची कथा लागत नाही.

25 मार्च 1918 ला फ्रान्समध्ये फाव्रईजवळ तो लढताना मारला गेला. त्याच्या सैनिकांनी गोळीबारात त्याचा देह मागे आणायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. अरासच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलेलं आहे.