अर्धे तिकीट

आज सकाळी अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी ‘भारतात जाणाऱ्यांसाठी सूचना’ अशी लांबलचक यादी टाकली, आणि ती वाचल्यापासून माझे कामात लक्ष लागलेले नाही. दातसुद्धा बाटलीबंद पाण्याने घासा, नातेवाइकांकडे न उतरता हॉटेलात राहा, रस्त्यात कोणाशी बोलू नका, आणि शेवटी ठळक अक्षरांत : एसटीने चुकूनही प्रवास करू नका. यादीखाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यांतले निम्मे लोक एसटीच्या पासावर कॉलेज शिकलेले आहेत, हे मला पक्के ठाऊक आहे.

मी गेल्याच महिन्यात भारतातून परतले. तिकडे असताना आईला घेऊन स्वारगेटहून वाईला गेले, ते एसटीनेच. मी गाडी ठरवणार होते, पण आईने ते होऊ दिले नाही. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना एसटीचा प्रवास मोफत असल्यामुळे आपले आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती अशी तयार बसली होती, की तिला नाही म्हणणे मला शक्यच नव्हते. कात्रज मागे पडल्यावर वाहक आमच्यापर्यंत आले. आईला तिकीट दिले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “तुमचं अर्धं.” मला अर्थबोध झाला नाही. मी म्हटले, “नाही, पूर्ण द्या, मी ज्येष्ठ नागरिक नाही.” तेव्हा त्यांनी मान वर केली. “अहो ताई, बायकांना अर्धंच आहे. कुठं असता तुम्ही?”

कुठे असता तुम्ही. महिलांना एसटीत निम्मे भाडे मार्च 2023 पासून आहे. सगळ्या बसला ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी पाचशेची नोट पुढे केली, तर त्यांच्याकडे सुटे नव्हते आणि माझ्या फोनवर यूपीआय नव्हते. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीने काही न विचारता स्वतःच्या फोनवरून माझे पैसे भरले. ते मला तिला वाईच्या स्थानकावर उसाचा रस घेऊन, नोट मोडून द्यावे लागले, आणि तोवर ती थांबली.

म्हणून मला त्या यादीचा इतका राग येतो. जिथे माझ्या पोटातले पाणी हलू नये म्हणून अनोळखी मुलगी हात पुढे करते, तिथे कोणाशी बोलू नका असे आपण एकमेकांना शिकवतो? पाण्याच्या बाबतीत यादी बरोबर आहे, लहान मुले बरोबर असतील तर जपायलाच हवे, हे मी मान्य करते. पण बाकीची यादी म्हणजे परक्या मुलुखात उतरणाऱ्यांना दिलेला इशारा आहे, आणि आपण तर घरी जात आहोत.

सांगायच्याच असतील तर उपयोगाच्या गोष्टी सांगा. तिकडे आज अडते ते पाण्यावाचून नव्हे, ओटीपीवाचून. भारतातला मोबाइल क्रमांक असेल तर तो रिचार्ज करत जिवंत ठेवा, कारण तीन महिने वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि त्याच्याबरोबर बँकेपासून सगळ्याची दारे लागतात. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचे भारतातल्या बँकेतले, खाते असेल तर 2023 पासून अमेरिकेसह काही देशांच्या क्रमांकांवरही यूपीआय जोडण्याची परवानगी आहे. आपली बँक ती सोय देते का, हे निघण्याआधी विचारा. कपाटात जपलेल्या दोन हजारांच्या नोटांच्या भरवशावर जाऊ नका, त्या मे 2023 मध्येच चलनातून काढून घ्यायला सुरुवात झाली आणि दुकानात त्या कोणी घेत नाही. दहा-वीसच्या नोटा मात्र खिशात असू द्या. नगरला जाणार असाल तर पाटीवर अहिल्यानगर शोधा. स्वारगेटला आता जमिनीखालून मेट्रोने जाता येते, तेव्हा रिक्षावाल्याशी भांडत अर्धा तास घालवू नका.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांविषयीही लिहिते, आणि हे लिहिताना माझा आवाज आपोआप खाली येतो, कारण त्यांच्यात मीही होते. “आपले पुणे राहिले नाही” म्हणणारे आम्ही. आमचा वाडा पाडून तिथे सात मजले उभे राहिले आहेत आणि ते पाहून मी दोन दिवस घरात नीट बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, “पहाटे चारला उठून खालच्या नळावरून पाणी कोण भरत होतं, आठवतंय का? तू गेलीस, मग आई भरायची. मग तिचे गुडघे गेले.” त्या वाड्याचे फोटो माझ्या इथल्या भिंतीवर आहेत. गुडघे आईचे आहेत. यावर मला उत्तर सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही.

सगळेच बदल चांगले आहेत असे मी म्हणत नाही. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यावर वडांच्या सावलीतून जाणारा रस्ता मला डोळे भरून पाहायचा होता, आणि रस्तारुंदीपायी ते वड जाणार असतील तर मी इथे बसूनही ओरडणार आहे. पण ओरडण्याचा माझा हक्क आईच्या, भावाच्या आणि त्या मुलीच्या हक्कामागे उभा आहे, एवढे मला त्या बसमध्ये कळले.

आणि हो, कोणी विचारेल की डॉलरमध्ये कमावणाऱ्या बाईने सवलतीचे तिकीट घ्यावे का. प्रश्न योग्य आहे. पारपत्र अमेरिकेचे, कर तिकडे भरत नाही, मग मी कोणत्या तोंडाने अर्धे भाडे घेतले? मी वाहकांना दुसऱ्यांदा म्हटलेही की माझे पूर्णच घ्या. ते काही बोलण्याआधी आईच माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, “गप घे. इथली आहेस ना?” वाहक हसले आणि पुढच्या बाकाकडे गेले. त्यानंतर खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, कारण आत बघितले असते तर आईला माझे डोळे दिसले असते.

ते तिकीट माझ्या ओसीआय कार्डाच्या, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाच्या, पाकिटात आहे. त्या पातळ कागदावरची अक्षरे आताच फिकी पडली आहेत.

गटावर मी अजून काही लिहिलेले नाही. यादी टाकणाऱ्यांना संध्याकाळी फोन करणार आहे. त्यांची आई कराडला एकटी राहते आणि तिचेही वय पंचाहत्तरच्या पुढेच असावे. पुढच्या डिसेंबरात ते जाणार असतील, तर त्यांनी तिला घेऊन एसटीने निघावे, असे मी त्यांना सांगणार आहे.