‘मेलेल्या ड्रायव्हरवर ढकला आणि फाइल बंद करा’

कुठे गाडी घसरली किंवा विमान पडलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. ब्लॅक बॉक्स उघडला की दोन तासांत सगळं कळतं, पण सरकार महिनोन्‌महिने दाबून ठेवतं. रेल्वेची चौकशी रेल्वेच करते. शेवटी खापर मेलेल्या ड्रायव्हरवर नाहीतर पायलटवर. अहवाल धूळ खातो, बदलत काहीच नाही. तेव्हा चौकशीचं नाटक पुरे, प्रकरण पोलिसांकडे द्या आणि महिन्याभरात दोषींना लटकवा. परवा तो पुन्हा आला आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातलं काही खरं आहे, म्हणूनच तो खपतो. बाकीचं मात्र तपासून बघू.

आधी ब्लॅक बॉक्स. तो काळा नसतो, भडक नारिंगी असतो. ढिगाऱ्यात चटकन दिसावा म्हणून. त्यात व्हिडिओ नसतो. असतात त्या आकड्यांच्या रांगा आणि कॉकपिटमधला आवाज. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी पडलेल्या बोइंग ७८७ मध्ये असे दोन रेकॉर्डर होते. एक दुसऱ्या दिवशी इमारतीच्या छतावर सापडला, दुसरा १६ जूनला ढिगाऱ्यात. विमानाच्या मागच्या भागातला इतका जळला होता की नेहमीच्या पद्धतीने त्यातून काहीच निघेना. पुढच्यातली माहिती दिल्लीच्या प्रयोगशाळेत २५ जूनला उतरवली गेली. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्राथमिक अहवाल तीस दिवसांत द्यायचा असतो. तो १२ जुलैला आला. याला दाबून ठेवणं म्हणत नाहीत.

त्या अहवालात काय होतं, हेही बघा. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’वर गेले. एक वैमानिक विचारतो, का बंद केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण काय म्हणालं, स्विच कसे हलले, यावर अहवाल एक शब्द बोलत नाही. अहवाल तिथे थांबला. चॅनेलं थांबली नाहीत, आणि आपला ग्रुप तर नाहीच नाही.

‘रेल्वेची चौकशी रेल्वेच करते’ हे अर्धवट खरं. प्रवाशांचा जीव गेलेल्या मोठ्या अपघाताची वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली आहे. रेल्वेवर नजर ठेवणारा रेल्वे बोर्डाचा नोकर असू नये, म्हणून १९४१ मध्येच ही फारकत झाली. मुख्यालय लखनौला. पण तिथले अधिकारी रेल्वेच्याच सेवांमधून येतात आणि बहुतेक अहवाल लोकांसमोर येत नाहीत. विमानांचे अहवाल संकेतस्थळावर वाचायला मिळतात, मग रेल्वेचे का नाहीत? मेसेज लिहिणाऱ्याने हे विचारलं असतं तर मीही अंगठा दिला असता.

आता खापराचं. इथे मेसेज साफ उलटा आहे.

१७ जून २०२४. बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. मालगाडीचा लोको पायलट जागीच गेला. त्याने सिग्नल पाळला नाही, असं त्याच दिवशी रेल्वेकडून जाहीर झालं. ते चौकशीने सांगितलेलं नव्हतं. चौकशी तेव्हा सुरूही झाली नव्हती. आयुक्तांच्या अहवालातून निघालं ते वेगळंच. सकाळपासून तिथले स्वयंचलित सिग्नल बंद होते. लाल सिग्नल ओलांडण्याची लेखी परवानगी म्हणून स्टेशन मास्तर ड्रायव्हरांना टी/ए ९१२ हा कागद देत होता. त्या प्रसंगाला तो फॉर्मच चुकीचा, आणि त्यावर वेगाची मर्यादाही लिहिलेली नव्हती. त्या सकाळी तोच कागद घेऊन सात गाड्या त्या टप्प्यात शिरल्या. प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलला मिनिटभर थांबून ताशी १५ किलोमीटरने गेली फक्त एक, ती कांचनजंगा. म्हणजे नियम पाळणारी गाडीच मागून ठोकली गेली. बाकीच्या सहा जणांनी तो कागद आपापल्या समजुतीने वाचला. सातपैकी सहा जण एकच चूक करत असतील तर ती सहा माणसांची चूक नसते. हा अपघात होण्याची वाटच बघत होता, असं अहवालाने म्हटलं. कर्मचाऱ्यांना नीट समजावून दिलेलं नाही, असंही.

आमचे मामा मध्य रेल्वेत गार्ड होते. त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, “अरे, कागद हातात आला की माणूस सुटल्यासारखा होतो. जा म्हणालेत ना, मग चला.”

ओडिशातल्या बालासोरच्या रेल्वे अपघाताचंही तसंच. २ जून २०२३ च्या रात्री ग्रुपवर फिरत होतं ते घातपाताचं. रुळांशेजारच्या पांढऱ्या बांधकामाला मशीद ठरवून, वर ‘शुक्रवार होता’ अशी पुस्तीही जोडली होती. ते बांधकाम निघालं इस्कॉनचं मंदिर. आणि कारण निघालं फाटकाजवळच्या वायरिंगमध्ये. तिथल्या टर्मिनलांवरच्या खुणा आणि प्रत्यक्ष तारा यांचा मेळ कित्येक वर्षं नव्हता. फाटकाचं नवं विजेवर चालणारं बॅरियर जोडताना चुकीची तार जोडली गेली. सिग्नलने हिरवा दाखवला, रुळांचा सांधा मात्र बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला राहिला, आणि कोरोमंडल एक्स्प्रेस ताशी १२८ किलोमीटरच्या वेगाने उभ्या मालगाडीवर गेली. ड्रायव्हरला हिरवा होता, हे चौकशीनेच सांगितलं. वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, खरगपूर विभागातच चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच धडा घेतला असता तर बालासोर टळलं असतं, हेही त्याच अहवालात आहे.

जहाजांचं जुनं उदाहरण तर अजून बोलकं आहे. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट पुढचं दार उघडं ठेवून निघाली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ माणसं गेली. दार लावायचं ज्याच्याकडे होतं तो खलाशी केबिनमध्ये झोपला होता. झालं, गुन्हेगार सापडला! पण चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शीन यांनी विचारलं, दार बंद आहे की नाही हे कप्तानाला ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीतून, कळणार कसं? कळत नव्हतं. कप्तानांनी एक साधा दिवा मागितला होता. कंपनीच्या कार्यालयात त्या मागणीची टवाळी झाली: खलाशी जागा आणि शुद्धीवर आहे, हे दाखवायलाही आता दिवा हवा का? शीन यांनी ढिलाईचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत असल्याचं लिहिलं. आज जगभरच्या जहाज कंपन्यांना लागू असलेली सुरक्षा-व्यवस्थापन संहिता अशाच अपघातांतून आली.

‘बदलत काहीच नाही’ याला एवढं उत्तर पुरे होतं, पण घरचंही देतो. १९९६ ला चरखी दादरीवर हवेत दोन विमानं धडकली, ३४९ जण गेले. लाहोटी आयोगानंतर भारतात टक्कर टाळणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं. दिल्लीला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले.

मात्र मंगळूर आणि कोळिकोड आठवलं की मी गप्प बसतो. २०१० मध्ये मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून विमान खाली गेलं, १५८ बळी. २०२० मध्ये कोळिकोडला तशाच टेबलटॉप धावपट्टीवरून पुन्हा एक, २१ बळी. या बाबतीत मेसेजवाल्याचा राग माझाही आहे. फक्त तो तपास करणाऱ्यांवर काढून उपयोग नाही. शिफारशी त्यांनी केल्या. अंमलबजावणीचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

राहिलं लटकवणं. पोलिसी तपास बंद नसतोच. बालासोरमध्ये सीबीआयने रेल्वेच्या तिघांना अटक केली. पण सुरक्षेचा तपास मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, कारण फासाची भीती दाखवल्यावर कुठलाही स्टेशन मास्तर ‘हो, आम्ही रोज असंच करायचो’ असं सांगणार नाही. आणि रंगापाणीत नेमकं तेच समजायला हवं होतं.

मोठ्या रेल्वे अपघातानंतर पेपरात एक चौकोनी सूचना येते: या अपघाताविषयी ज्यांना माहिती असेल त्यांनी अमुक दिवशी अमुक ठिकाणी आयुक्तांसमोर यावं. ग्रुपवर मी ती कोणी टाकलेली अजून पाहिली नाही.