लग्नाच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे नाव हवं, आणि ते आईचं नको

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि घराघरांत एक वाक्य ऐकू यायला लागतं, "माझ्या सगळं लक्षात आहे गं, तू नको काळजी करूस." बोलणारी बहुतेक वेळा मुलीची आई असते. माझं स्पष्ट मत आहे, हे वाक्य तिला बोलूच द्यायचं नाही. जिच्या सगळं लक्षात आहे, तिला लग्नाच्या दिवशी घडीभर टेकता येत नाही. गुरुजींना तूप हवंय, तिला विचारा. व्याह्यांकडच्या आजींना खुर्ची हवीय, तिला विचारा. आमच्याकडे मंगलाष्टका चालू असताना मुलीच्या आईने तुळशीला पाणी घालत बसायची रीत आहे. निदान तेवढा वेळ तरी तिचा असावा. पण तिथेही कुणीतरी खोलीची किल्ली मागायला येतं. हे मी किती लग्नांत पाहिलंय, आणि दर वेळी पोटात तुटतं.

म्हणून भाचीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही ताईला सांगून टाकलं की तुझ्या डोक्यात जे जे आहे ते सगळं आम्हाला सांग, आम्ही लिहून घेतो, आणि मग तू ते विसर.

आता याद्या काही आपल्याला नवीन नाहीत. बैठकीत दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून कुणी काय करायचं ते लिहून काढतात. गुरुजी पूजेच्या सामानाची यादी देतात, आचाऱ्याकडे शिधा आपला असेल तर त्याची वेगळी. पण या सगळ्या खरेदीच्या याद्या. वस्तू दुकानातून घरात आली की तिच्यापुढे बरोबरची खूण होते आणि सगळे निश्चिंत होतात. घोटाळा होतो तो त्यानंतर.

लाह्यांचंच घ्या. लाजाहोमासाठी त्या हव्यात हे सगळ्यांना ठाऊक, आणलेल्याही वेळेत असतात. पण होम पेटलाय, मुलीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालायला येऊन उभा राहिलाय, आणि पुडी आहे वरच्या खोलीतल्या कुठल्यातरी पिशवीच्या तळाशी. खोलीला कुलूप, किल्ली मामांकडे, आणि मामा पंगतीत आग्रह करतायत! यादीवर मात्र लाह्यांपुढे कधीचीच खूण झालेली.

त्यामुळे आमच्याकडे खरेदीला खूणच नव्हती. वस्तू जिथे लागणार तिथे पोचली की मगच खूण. आणि पिशव्या विधीवार. देवक, सीमांतपूजन, गौरीहार, मंगलाष्टका, होम, सूनमुख, असं प्रत्येकीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, आत तेवढ्याच विधीचं सामान ठेवलं आणि वर त्याची चिठ्ठी डकवली. गौरीहाराच्या पिशवीत अन्नपूर्णा, तांदूळ, हळदी-कुंकवाच्या वाट्या, वाती, तेलाची छोटी बाटली. मंगलाष्टकांच्या पिशवीत अंतरपाट, दोन्ही हार, मुंडावळ्यांचा एक जादा जोड, अक्षता, सेफ्टी पिना. काडेपेटी मात्र प्रत्येक पिशवीत वेगळी. भरल्या कार्यालयात काडेपेटी शोधण्याइतकं वैतागाचं दुसरं काम नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव. "मुलीकडचे" नाही, "काका-काकू" नाही, एकच नाव. अक्षता वाटणं शाळकरी भाच्याकडे होतं. त्याने मंगलाष्टकांच्या आधी मागच्या रांगेपर्यंत जाऊन कुणाची मूठ रिकामी नाही ना ते पाहिलं. जेवणाची ताटं मोजायचं काम धाकट्या काकांकडे. ताटावर पैसे ठरलेले असले की शेवटी आकड्यावरून वाद होतोच, म्हणून ते केटररच्या माणसाबरोबर उभे राहून मोजत होते. घरातले पुरुष लग्नात काही करत नाहीत ही तक्रार मला फारशी पटत नाही. नेमकं काम सांगून पुढे नाव लिहिलं की करतात, आणि मनापासून करतात. आजवर त्यांना फक्त "जरा बघा हं" एवढंच सांगितलं जायचं.

मूळचे विदर्भातल्या घरातले अमेरिकन शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची जी तपासयादी केली, ती २००८ साली आली. तीत तीन थांबे आहेत. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. मोठमोठे सर्जन हे करतात, तर आपण मंगल कार्यालयात का करू नये? आम्हीही तीनच थांबे ठेवले. घरातून निघताना, मुहूर्ताच्या तासभर आधी आणि कार्यालय सोडताना. प्रत्येक वेळी पाच मिनिटं सगळे एकत्र, यादी मोठ्याने वाचायची, ज्याचं नाव येईल त्याने उत्तर द्यायचं.

इंटरनेटवरच्या तयार याद्या मला आपल्या लग्नांना उपयोगी वाटत नाहीत. त्यात केकची चव ठरवण्यापर्यंत सगळं असतं, देवक नसतं, विहिणीचा मान नसतो. आमंत्रितांसाठी गूगल शीट उत्तम, परदेशातल्या भावंडांनाही त्यात भर घालता येते. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र यादी टाकू नका, तासाभरात ती हळदीच्या फोटोंखाली गडप होते. कार्याच्या दिवशी कागदच हवा, खोलीच्या दाराला आतून चिकटवलेला.

दोन कागद लोकांच्या यादीत कधीच नसतात, म्हणून मुद्दाम सांगते. पहिला आहेराचा. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची वेगवेगळी लेखी यादी ठेवायची असते. भेट काय, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, त्यांचं नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. वधूची यादी वधूकडेच राहते. प्रत्येक मुलीच्या आई-वडिलांनी ही यादी आवर्जून करावी असं मला फार वाटतं. आहेर लिहून घ्यायला वही घेऊन कुणीतरी बसलेलं असतंच, फक्त रकाने वाढवा.

दुसरा कागद विवाह नोंदणीचा. महाराष्ट्रात लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज द्यायचा असतो, त्याला तीन साक्षीदार लागतात आणि गुरुजींची सही लागते. लग्नपत्रिकेची एक प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा. फॉर्म आधीच भरून मंगल कार्यालयात न्या आणि ही ओळ अशा कुणाच्या तरी नावावर टाका जो दक्षिणा देताना गुरुजींच्या शेजारीच उभा असेल. लग्नसराईत गुरुजींना पुढच्या मुहूर्ताची घाई असते. सही त्यांच्याकडून तिथेच घ्या, मग त्यांना निघू द्या.