अंधारातच संपणारं स्तोत्र

भाऊ गेला, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर तीन-चार जणांनी मला जवळ घेऊन एकच गोष्ट सांगितली, "प्रभू तुला घडवतोय." त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या तोंडून प्रार्थनाच फुटेना. मला घडवायला माझ्या भावाचा जीव लागत असेल, तर त्या देवाशी बोलायचं तरी काय?

आज सहा वर्षांनी हे लिहितेय. दुःखात विश्वास वाढतो हे मला मान्य आहे, मी ते भोगलंय. पण दुःख आपणहून कुणाला देवाजवळ नेत नाही. आमच्याच घरात एकाच मरणाने एकजण गुडघ्यांवर आला आणि एकाने चर्चच्या मंडळीत येणंच सोडलं. त्याचा विश्वास कमी होता असं कुणी म्हटलं की मला फार लागतं.

मला परत बोलतं केलं ते बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या 88 व्या स्तोत्राने. बहुतेक विलापस्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटाकडे स्तुतीला वळतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. आणि तरीही हा माणूस रोज देवालाच हाक मारतोय, तक्रारही त्याच्याकडेच करतोय. असं बोललेलं चालतं, एवढं कळल्यावर मी कितीतरी दिवसांनी प्रार्थना केली. तीत एकही गोड शब्द नव्हता.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की संकटाने धीर उत्पन्न होतो. तिथला ग्रीक शब्द आहे 'हुपोमोने', म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. त्यात हसतमुख असण्याची अट नाही. पौलाने स्वतः शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा कसलासा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे" एवढंच उत्तर मिळालं. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. दुःख नको म्हणणं हा अविश्वास असता, तर त्याने ते मागितलंच नसतं.

बायबलमधल्या ईयोबाने मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला वाटतं. पुढे ते कारणं सांगत सुटले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. ओरडणाऱ्या ईयोबाबद्दल मात्र तो योग्य बोलला असं देवाने म्हटलं. म्हणून विनंती आहे, कुणाच्या घरी मरण झालं असेल तर देवाची योजना समजावायला जाऊ नका. जा, बसा, पाणी द्या. त्या दुःखात काय वाढलं हे ज्याचं त्याला सांगू द्या, पाच वर्षांनी सांगो किंवा कधीच न सांगो.

गेल्या महिन्यात मंडळीतल्या एका बाईंचा मुलगा गेला. मी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "काहीतरी वाच." मी 88 वं स्तोत्र वाचलं आणि जिथे ते संपतं तिथेच थांबले. त्यांनी विचारलं, "हे पवित्र शास्त्रात आहे?" मग माझ्या हातातून पुस्तक घेऊन त्या स्वतः वाचू लागल्या, मोठ्याने.