खुलासा: इनिटआरडी ही ‘कॅश’ नव्हे, उडवू नका

‘बूट पार्टिशन भरलं? इनिटआरडी फायली उडवा, कॅशच असते ती, रीस्टार्टला आपोआप बनते’ असा सल्ला फिरतोय (बूट पार्टिशन म्हणजे मशीन सुरू करायच्या फायली असलेला डिस्कचा भाग). उबंटू-डेबियन या लिनक्स सिस्टिम वापरणाऱ्यांनी कृपया तो ऐकू नये.

इनिटआरडी म्हणजे मशीन सुरू होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) लागणाऱ्या सुरुवातीच्या फायलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, म्हणजेच ‘इमेज’. ती रीस्टार्टच्या वेळी बनत नाही. कर्नल इन्स्टॉल होताना अपडेट-इनिटरॅमएफएस ही कमांड ती बनवते. डिस्कचे ड्रायव्हर, एलव्हीएम (डिस्कच्या जागेची विभागणी सांभाळणारी व्यवस्था), एन्क्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड विचारणारी स्क्रिप्ट, सगळं तिच्यात असतं. ती नसेल तर बहुतेक मशीनवर कर्नलला रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमच्या मुख्य फायली) सापडत नाही आणि ‘कर्नल पॅनिक’ येऊन सगळं तिथेच थांबतं. डेटा शाबूत राहतो, पण ऐन कामाच्या वेळी नवख्या माणसाचा जीव टांगणीला लागतो.

जागा हवी तर एपीटी या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या कमांडच्या ऑटोरिमूव्हने जुने कर्नल काढा, त्यांच्या इमेजही जातात.

फाइल उडवलीच असेल आणि मशीन चालू असेल, तर आधी रीस्टार्ट टाळा. ‘यूनेम डॅश आर’ने कर्नलची आवृत्ती बघा. मग सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून अपडेट-इनिटरॅमएफएसला ‘डॅश सी डॅश के’ आणि तीच आवृत्ती द्या. इमेज नव्याने बनेल. मशीन बंद पडलं असेल तर ग्रब या सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या मेनूच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून इमेज शिल्लक असलेला जुना कर्नल निवडा आणि हीच कमांड बिघडलेल्या आवृत्तीसाठी चालवा.